छत्रातली पोटुशी बाई

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही बेळगावाकडच्या एका खेड्यातल्या शाळेत. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातून नीट होत नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. तरी पुढंमागं मुलांपैकी कोणाच्या हाती लागलीच, तर चुकांची माफी आधीच मागून ठेवते. हसू आलं तर हसा, पण मधेच टाकून देऊ नका.

लग्न होऊन बेंगळूरला आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. सासरची मंडळी चामराजपेटेतली. आपण इथे तीनशे वर्षांपासून आहोत असं सांगायची. त्यांच्या मराठीत अर्धं कन्नड. कन्नड मलाही येत होतं, पण ते आमच्याकडचं. पहिल्याच आठवड्यात नळावर मी शेजारणीला काहीतरी विचारलं, तर सगळ्या बायका घागरी खाली ठेवून हसायला लागल्या. एकजण म्हणाली, "काय गं, पाणी मागतेस की भांडतेस?" त्या दिवसापासून मी तोंड मिटून घेतलं. मान हलवायची, हसायचं, पदर सारखा करायचा. पाच-सहा वर्षं अशीच काढली. लोकांना वाटायचं शिंप्याची बायको गरीब स्वभावाची आहे. गरीब नव्हते, भित्री होते.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान आणि मागं दोन खोल्या. रस्त्यापलीकडे आमच्या समाजाचं छत्र, म्हणजे लग्नकार्यासाठी बांधलेली जुनी धर्मशाळा. तिची किल्ली आमच्या घरचे सांभाळायचे. समोर राहणारा म्हणून पंचांनी ती ह्यांच्याकडे दिली होती.

मी सांगते ती गोष्ट आणे जाऊन नवे पैसे आले, त्याला चार-पाच वर्षं झाल्यावरची. थोरली मुलगी तीन वर्षांची होती. त्या दसऱ्यात शहरातल्या चित्रकारांनी आणि मूर्ती करणाऱ्यांनी ठरवलं, की चित्रं मोठ्या इमारतींत बंद ठेवायची नाहीत, दहा दिवस गावभर मांडायची. दसऱ्यात लोक नाहीतरी घराबाहेर पडतात. मग काय, कापडाच्या दुकानाच्या काचेत चित्र, सिनेमाच्या व्हरांड्यात चित्र, बागेत लोखंडाच्या सळ्यांचा कसला तरी पक्षी. हे मार्केटातून अस्तर घेऊन आले ते कपाळाला हात लावून बसले.

"कॉफी प्यायला हॉटेलात गेलो. समोर भिंतीवर बैल. त्याला तीन डोळे, आणि तिसरा पोटावर. कॉफी उतरेना घशाखाली."

मला खरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलीला कडेवर घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले. भांड्यांच्या दुकानात, पितळी हंड्यांच्या मधे, एक भलंमोठं चित्र उभं होतं. नुसता काळा रंग आणि त्यात वाळल्या मिरचीसारखी एक लाल रेघ. दुकानदार गल्ल्यावर बसून त्याच्याकडे असा बघत होता, जसं घरी कोणी न सांगता मुक्कामाला यावं. मी तशीच परत फिरले. आपल्याला न कळणाऱ्या गोष्टी पेठेपर्यंत चालत आल्यात असं वाटलं.

दोन दिवसांनी ती गोष्ट आमच्या दारात आली.

जवळच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवणारे मास्तर होते. सगळे त्यांना कन्नडमध्ये 'मेष्ट्रे' म्हणायचे. हडकुळे, चष्मा, सदऱ्याच्या बाहीला कायम पांढरी पूड लागलेली. त्यांचे सदरे आमच्याकडेच शिवायला यायचे. त्यांनी पंचांना विचारून छत्राची पुढची खोली मागून घेतली आणि हातगाडीवरून, गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी माणसाएवढं आणलं. चारजणांनी ते उतरवलं.

"अण्णा," ते ह्यांना म्हणाले, "दार चारला उघडायचं, आठला लावायचं. मी रोज सहाला येतो. तोवर कोणीतरी दाराशी बसायला हवं, पोरं हात लावतात."

"मेष्ट्रे, दिवाळीचे कपडे अंगावर आलेत. मला मान वर करायला वेळ नाही," हे म्हणाले, आणि मशीन न थांबवता माझ्याकडे बोट केलं. "ती बसेल."

परक्या लोकांसमोर दाराशी बसायचं! रात्री मी ह्यांना म्हटलं, "मला नाही जमायचं." तर म्हणतात, "बोलायचं काही नाही. बसायचंच आहे. न बोलता बसणारं तुझ्यासारखं माणूस पेठेत दुसरं कोण आहे?"

गोणपाट काढलं तेव्हा आम्ही चार-पाचजणं होतो. आत पांढऱ्या प्लास्टरची एक बाई होती. दगडी पायरीवर बसावी तशी भिंतीला पाठ टेकून बसलेली, पाय जरा फाकलेले, दोन्ही हात मांडीवर उताणे. आठव्या-नवव्या महिन्यातली. कमरेला लुगड्यासारखं काही होतं आणि पदर एका खांद्यावरून उतरला होता, पण चोळी नव्हती.

शेजारच्या अक्कांनी तोंडावर पदर घेतला. ह्या अक्का म्हणजे आमच्या गल्लीचं तोंड. कोणाच्या घरी काय शिजलं ते त्यांना फोडणीच्या वासावरून कळायचं. त्या पदराआडून म्हणाल्या, "अय्यो! शिंप्यांच्या छत्रात आणि बिनचोळीची? माप द्यायला आली असेल."

"अक्का, तेवढं मोठं माप माझ्याकडे नाही," हे म्हणाले.

सगळे हसले, मास्तरसुद्धा. मी मात्र हबकून बघत राहिले, आणि मला चोळी नसल्याचं काही वाटत नव्हतं. बायका बाळंत होतात तेव्हा कोण कुठली चोळी बघतं! मला धक्का बसला तो तिच्या कपाळाचा. ते कोरं होतं. गळ्यात काळी पोत नाही, हातात कांकण नाही. पोट एवढं आलेलं आणि कपाळ रितं. आमच्याकडे पोटुशी बाईला कोणी तसं बसू देत नाही. कुंकू पुसट झालं तरी सासू म्हणते, आधी लाव मग बस. आणि ही उताणे हात मांडीवर घेऊन बसली होती, जसं कोणी ओटी घालायला येणार म्हणून वाट बघत असावी आणि कोणी आलंच नसावं.

मी चार दिवस तिच्यासमोर बसले. लोक फार यायचे नाहीत. आले तर हसायचे, एखादा म्हातारा मान फिरवून जायचा, कॉलेजातली मुलं वहीत काहीतरी लिहायची. बाकी वेळ ती आणि मीच. मी तांदूळ निवडायला घेऊन बसायचे आणि माझं लक्ष कपाळाकडे जायचं. घरी आल्यावरही ते डोळ्यांसमोरून हलेना. पाचव्या दिवशी शुक्रवार होता. मी निघताना करंड्यातलं कुंकू, मेणाची डबी, ओली हळद, बेळगावाहून आईनं पाठवलेला एक हिरवा खण, मूठभर तांदूळ आणि नारळ असं सगळं पदराखाली घेतलं. मला कोणी बघू नये एवढीच इच्छा होती.

दार उघडलं, रस्त्यावर कोणी नव्हतं. मी आत गेले. आधी कपाळाला मेण लावलं, कारण गुळगुळीत पांढऱ्यावर कुंकू ठरेना. मग कुंकू. दोन्ही गालांना हळदीचं बोट. खण उताण्या हातांत ठेवला, त्यावर तांदूळ आणि नारळ. तो इतका बरोबर बसला की माझ्या अंगावर काटा आला. नमस्कार केला आणि बाहेर येऊन बसले. वाटलं, सहाच्या आधी पुसून टाकू. पुसलं जाईल अशी माझी समजूत होती. प्लास्टर पाणी पितं, तेल पितं, हळद पितं, हे मला कुठं माहीत!

तेवढ्यात दुकानातून ह्यांची हाक आली. मुलगी पायरीवरून पडली होती. मी दार तसंच उघडं टाकून धावले. तिचा गुडघा धुतला, हळद दाबली, मांडीवर घेऊन थोपटली. पाव तास झाला असेल, फार तर अर्धा.

आता इथं आमच्या पेठेची एक रीत सांगायला हवी. दसऱ्याच्या नऊ दिवसांत घरोघरी पायऱ्या करून त्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला गोंबे म्हणतात. संध्याकाळी बायका नटूनथटून घोळक्यानं दर घरी गोंबे बघायला जातात, हळदी-कुंकू होतं, एखादं गाणं म्हणतात, उसळ घेतात, पुढच्या घरी. माझ्या माहेरी ही रीत नाही. मी ती लक्षात घेतली नाही. शुक्रवार होता, घोळका मोठा होता, आणि छत्राचं दार उघडं होतं.

मी रस्ता ओलांडला तर आतून गाणं ऐकू आलं.

दारात पोचले. तीस-चाळीस बायका आत. सगळ्यांच्या पुढं अक्का. म्हणत होत्या, "यंदा समाजानं मेष्ट्रांची बाईच गोंबे म्हणून बसवलीय बघा! ओटीसुद्धा भरून ठेवलीय कोणीतरी. या, एकेक करून या, ढकलू नका." आणि एकेक करून त्या येत होत्या. कोणी हळद लावत होती गालाला, गळ्याला, पायांना. कोणी कुंकू. कोणी समईतलं तेल बोटाला घेऊन पावलांना चोळत होती. एकीनं शेवंतीची वेणी डोक्यावर बसवली होती, दुसरी हिरवी बांगडी चढवायला बघत होती, ती मनगटातून जाईना म्हणून करंगळीत अडकवली. निरांजनाचा धूर थेट नाकाखाली. चार दिवस पांढरी बसलेली बाई पिवळीजर्द झाली होती, आणि कपाळावर रुपयाएवढं नव्हे, तळहाताएवढं कुंकू.

मी "थांबा" म्हणायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. कोणीतरी वळून मलाच हळदी-कुंकू लावलं आणि हातात उसळीचा द्रोण दिला. मी तो धरून उभी राहिले.

आणि बाहेर मोटार थांबली.

मास्तर रोज सायकलवरून यायचे. त्या दिवशी मोटारीतून उतरले, आणि त्यांच्याबरोबर कँटोन्मेंटकडच्या एक श्रीमंत बाई. ही मूर्ती त्यांनी बघायच्या आधीच घ्यायची ठरवली होती, हे मला नंतर कळलं. दीडशे रुपये आगाऊ दिले होते, बाकीचे आज बघून द्यायचे होते. मास्तरांनी ते दीडशे प्लास्टर, सळया आणि घरभाड्यात कधीच संपवले होते.

बायका बाजूला झाल्या. मास्तर आत आले आणि चष्मा काढून पुसून परत लावला. त्या श्रीमंत बाईंनी चपला काढल्या. मला वाटलं मूर्तीजवळ जातील. त्या उंबऱ्याशीच थांबल्या, हात जोडले आणि मास्तरांना कन्नडमध्ये म्हणाल्या, "आता मी ही कशी नेऊ? माझ्या दिवाणखान्यात लोक चपला घालून येतात, मांस-मद्य चालतं. ओटी भरलेली बाई मी तिथं बसवू? रंग निघेलही, पण पूजा कशी काढणार तुम्ही?"

"आगाऊ रक्कम..." मास्तर म्हणाले.

"सावकाश द्या. पण द्या," असं म्हणून त्या गेल्या. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

बायका पांगल्या. घोळका कधी आला आणि कधी गेला कळलं नाही. ह्यांना कोणीतरी सांगितलं तसे हे कात्री हातात घेऊनच धावत आले. मास्तरांनी वेणी काढली, बांगडी काढली, खण आणि नारळ नीट बाजूला ठेवला. मग मला म्हणाले, "अम्मा, स्वल्प पाणी मिळेल? आणि कपड्याचा साबण."

आता मी लिहिते ते लक्ष देऊन वाचा. मी शिंप्याची बायको. लग्नघरचे कपडे आमच्याकडे अल्टरला येतात त्यांच्यावर हळदीचे डाग असतातच. लग्न होऊन आले त्या वर्षी मला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की हळदीच्या डागाला साबण लावायचा नाही. साबण लागला की हळद रक्तासारखी लाल होते. नुसतं उन्हात टाकायचं. आठ दिवसांत पिवळं उडून जातं. हे मला जसं माझं नाव माहीत आहे तसं माहीत होतं.

मी पाणी आणलं. साबण आणला. त्यांच्या हातात दिला. ह्यांचं लक्ष नव्हतं, हे दारात गर्दी करणाऱ्या पोरांना हाकलत होते. मास्तरांनी फडकं ओलं केलं, साबण चोळला आणि तिच्या गालावरून फिरवला.

गाल लाल झाला. त्यांना वाटलं कुंकू उतरलं. म्हणून अजून जोरात घासलं. मग गळा, मग पोट, मग पाय. मी भिंतीशी उभी राहून बघत होते. तोंडात शब्द होता, "साबण नको". दोनच शब्द. ते ओठांपर्यंत यायचे आणि नळावरचं हसणं कानात वाजायचं. पाच मिनिटांत ती बाई अशी झाली, जणू बाळंतपणात गेली. ओठांची कड घासून पुसली गेली होती. मास्तरांनी फडकं खाली टाकलं आणि जमिनीवर बसले.

त्या रात्री मी जेवले नाही. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी मान हलवली.

सकाळी पंच बसले. त्याच खोलीत, त्या लाल बाईसमोर. खोली समाजाची, बायका समाजाच्या, तेव्हा नुकसान समाजानं द्यायचं की जिनं सुरू केलं तिनं, हा प्रश्न होता. मास्तर कोपऱ्यात बसून होते, एकदाच म्हणाले, "मला भांडण नको. पण दीडशे रुपये माझ्याकडे नाहीत. मला पगार शंभर आहे." तेवढंच.

"सुरू कोणी केलं?" पंचांतले म्हातारे म्हणाले.

सगळ्यांची तोंडं अक्कांकडे वळली.

"मी पुढं होते हे खरं," अक्का म्हणाल्या. "गाणंही मीच म्हटलं. पण देवाशप्पथ, मी गेले तेव्हा कपाळाला कुंकू होतं. ओटी भरलेली होती."

कोणी हसलं. अक्कांचे यजमान कचेरीत कारकून होते, गल्लीत मान असलेले. ते उभे राहिले. "म्हणजे मूर्तीनं स्वतःच लावून घेतलं? हिची जीभ आणि हिचेच हात. बारा वर्षं बघतोय मी." मग पंचांना म्हणाले, "हिच्या माहेरच्या पाटल्या आहेत. त्या मोडतो आणि भरतो. आजच."

अक्का कधी गप्प झालेल्या मी पाहिल्या नव्हत्या. त्या गप्प झाल्या. एका हातानं दुसऱ्या हातातल्या पाटल्या झाकल्या. मग आपणहून त्या काढायला लागल्या. घट्ट बसल्या होत्या, निघेनात. हात लाल झाला. मी ते बघितलं आणि माझं मलाच कळायच्या आत बोलले.

"मी लावलं."

कोणी ऐकलं नाही. मी परत म्हटलं, आणि ह्या वेळी आवाज इतका मोठा आला की मीच दचकले. मराठी, कन्नड, आमच्या गावचं, सगळं एकत्र बाहेर पडलं. "कुंकू मी लावलं. ओटी मी भरली. चार दिवस तिचं कपाळ रितं होतं, मला बघवेना. अक्कांनी नाही केलं, अक्का नंतर आल्या. आणि साबण मी दिला. साबणानं हळद लाल होते हे मला माहीत होतं, मी बोलले नाही. पैसे मी देईन. पाटल्या ठेवा."

हे माझ्याकडे असे बघत होते, जसं भिंतीतून कोणी बोललं. शेवटी अक्काच म्हणाल्या, "अय्यो, हिला तोंड आहे!"

"तुला माहीत होतं?" हे हळूच म्हणाले. "साबणाचं? आणि दिलास?"

मी मास्तरांकडे वळले. बोलायला सुरुवात केलीच होती, आता थांबायची भीती वाटत होती. "मेष्ट्रे, लिंबं आणा. वीस-पंचवीस. लिंबानं लाल परत पिवळं होतं. मग बाहेर उन्हात ठेवा. घासू नका."

मास्तर उठले. मला वाटलं मला काहीतरी लागेल असं बोलतील. ते म्हणाले, "किती दिवस?"

"आठ. ढग आले तर जास्त."

छत्राच्या मागच्या अंगणात ती तेरा दिवस उन्हात बसली. मी रोज लिंबाचा बोळा फिरवायचे आणि तोंडावरचं ऊन फिरेल तसं तिला गल्लीतल्या मोठ्या मुलांकडून फिरवून घ्यायचे. लाल गेलं. पिवळंही हळूहळू गेलं. पण कपाळावरचं मेण आणि पावलांवरचं तेल आत मुरलं होतं. तिथले काळपट डाग शेवटपर्यंत राहिले, आणि ओठ परत आले नाहीत. तिला कोणी विकत घेतलं नाही. मास्तर तिला हातगाडीवर घालून घरी घेऊन गेले.

ह्यांनी एकदाच विचारलं, "दीडशे रुपये तू कुठून देणार?"

"काजं करून."

मार्केटाजवळ एक तयार शर्टांचं दुकान होतं. शर्टामागं दहा पैसे द्यायचे, काजं करायची आणि बटणं लावायची. मला काजं चांगली यायची, आमच्याच दुकानाची सगळी मी करायचे. हे गठ्ठा आणून देऊ लागले आणि वर म्हणायचे, "घरच्या शिंप्याची काजं फुकट, आणि बाहेरच्याची दहा पैसे! बघा न्याय." पण आमची काजं त्यांनी त्या दिवसापासून स्वतः केली. मी काही म्हटलं नव्हतं.

महिन्याला पन्नास शर्ट व्हायचे. पाच रुपये. पहिल्या रविवारी मास्तर दुकानाशी यायचे आणि घेऊन जायचे. आधी मी ते ह्यांच्या हातून द्यायचे, मग स्वतः द्यायला लागले. त्या श्रीमंत बाईंना मास्तर तसेच पोचवत असत.

अक्का महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. साहजिक होतं. मी आदल्या संध्याकाळीच तोंड उघडलं असतं तर त्यांच्या नवऱ्याला चार लोकांत तसं बोलता आलं नसतं. मग एका दुपारी आल्या, काही न बोलता गठ्ठ्यातला शर्ट ओढला आणि बटण लावायला बसल्या. दुसरं बटण घेताना म्हणाल्या, "हळद मीपण फासली होती की. बटणं माझ्याकडे." त्यानंतर काजं मी आणि बटणं अक्का असं चाललं. दोऱ्याचं टोक दातानं तोडत विचारायच्या, "मेष्ट्रांची ती बाळंत झाली की नाही गं अजून?"

ती बाळंत झाली होती. एका रविवारी मास्तर सहकुटुंब आले. मी पाच रुपये घेऊन बाहेर आले आणि हातातली नोट खाली पडली. ती बाई समोर उभी होती. तेच गाल, तोच गळा, तीच बसकी खांद्याची ठेवण, कडेवर दीड वर्षाचं मूल. कपाळावर ठसठशीत कुंकू.

"तुम्हीच का त्या?" ती म्हणाली. मी मान हलवली, मग आठवण झाली आणि "हो" म्हटलं.

"पोट आलेलं असताना हे मला तासन् तास भिंतीला टेकून बसवायचे," ती म्हणाली. "आणि आधी कपाळ पुसायला लावायचे. म्हणे कुंकवानं सावलीचा अंदाज चुकतो. सासूबाई गावी होत्या म्हणून चाललं. मी रोज पुसायचे आणि रोज मनात म्हणायचे, देवा, आजचा दिवस सांभाळून घे."

मास्तर दुसरीकडे बघत होते. मी जिला प्लास्टरची समजून बघत होते ती कोणीतरी होती, जिवंत, आणि तिलाही तीच भीती वाटत होती. तरी मी तिला म्हटलं, "पण त्यांचं काम मी नासवलं." ती म्हणाली, "ते नासवलंतच." आणि नोट उचलून नवऱ्याच्या खिशात घातली. पैसे सोडून द्या असं दोघांपैकी कोणी म्हणालं नाही, आणि ते मला बरं वाटलं. म्हणाले असते तर मी कुठं तोंड लपवलं असतं?

मधे दुसऱ्या बाळंतपणात माझे तीन महिने चुकले. ते मी पुढं भरून काढले. शेवटच्या हप्त्याच्या रविवारी मास्तर आले नाहीत, ताप होता म्हणून. पुढच्या रविवारची वाट बघायचं माझ्यानं होईना. पत्ता विचारत विचारत मी एकटी त्यांच्या घरी गेले. रस्त्यात पाचजणांना तरी विचारलं असेल, आमच्याकडच्याच कन्नडमध्ये. मास्तर खाटेवर होते, कांबळं पांघरून. मी पाच रुपये उशाशी ठेवले. त्यांनी उठून बसायचा प्रयत्न केला, बोटांवर महिने मोजले, एकदा चुकले, परत मोजले.

"सरी, अम्मा, बरोबर," ते म्हणाले. "दीडशे झाले. आता तुमच्याकडून काही येणं नाही."